राजाबाईचं नाव राहिलं, खडी फोडणारीचं?

तळेगाव ढमढेऱ्याहून पुण्याला जाताना लोणीकंद-वाघोलीच्या बाजूला दगडखाणी दिसतात. तिथली धूळ आपण पदरानं झटकतो अन् पुढं जातो. मीही तशीच जायचे. पण दिवाळीत भाचीकडं अंधेरीला गेले, तेव्हा पाय मोकळे करायला निघाले आणि दगडाचीच गोष्ट पदरात पडली.

अंधेरी आहे साष्टी बेटावर. खाडी अन् समुद्रानं वेढलेलं हे बेट. अंधेरीच्या पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाचा काळा सुळका उभा आहे, उंची सुमारे २०० फूट. सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून त्याचे उभे खांब झाले. आपल्या विहिरीत लागतो तो काळा पाषाणही लाव्ह्याचाच. सुळक्याच्या भोवतीचा दगड खाणींनी खाल्ला. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे, पायऱ्या चढून मी ओटी भरून आले. २००७ साली महापालिकेनं या सुळक्याला वारसा म्हणून मान दिला.

याच बेटावर कुर्ला आहे. तिथला पिवळसर दगड फोर्टमध्ये गेला. त्यातून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, २८० फूट उंच. काम १८६९ मध्ये सुरू झालं, १८७८ मध्ये संपलं. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं पैसे दिले आणि आईचं नाव द्यायला लावलं. आईची आठवण ठेवली, चांगलंच झालं. पण टॉवरखाली उभी राहिले, तेव्हा मनात आलं, ज्यांनी हा दगड फोडला, वाहिला, घडवला, त्यांच्या आयांची नावं कुठं आहेत?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. घाव दगड सोसतो, तसे घालणाराही सोसतो. हातोडा चालवणाऱ्या बाईच्या हाताला घट्टे पडतात, छातीत धूळ जाते. आपल्या दारी जात्याला, पाट्याला टाकी लावायला वडारणी येत. पायलीभर जोंधळे दिले की आपला हिशेब मिटला. नाव कुणी विचारलं?

म्हणून एक करूया. गटाच्या पुढच्या बैठकीत घरातल्या म्हाताऱ्यांना विचारू : आपलं जातं कुणी घडवलं? गावची विहीर कुणी फोडली? वेशीचा, घाटाचा दगड कुठून आला? जी नावं मिळतील, ती गटाच्या वहीत लिहू. खाणीवर आज राबणाऱ्या बाईलाही तिचं नाव विचारू. टॉवर आपल्याला बांधता येणार नाही. वहीचं एक पान मात्र आपल्या हातात आहे.