पाल, झोळी आणि हॅमॉक: सह्याद्रीच्या पावसात कुणाचं छप्पर टिकलं?

ज्यांना कानात इयरफोन घालायला वेळ नाही, किंवा ज्यांना ऐकून झाल्यावर पुन्हा एकदा शांतपणे वाचायचंय, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे काय की' वीस-पंचवीस वेळा कापलंय.

जून लागला की आमच्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरत असतो: "दादा, हॅमॉक घ्यायचाय, वर पावसासाठी टार्प पण हवा. कुठला घेऊ?" हा काही शॉपिंगचा चॅनल नाही, इतिहासाचा आहे. पण या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे असं मला वाटतं. कारण सह्याद्रीत, भर पावसात, उघड्यावर रात्र कशी काढायची हा प्रश्न आपल्याआधी लाखो माणसांना पडलेला आहे. काहींनी तो सोडवला. काहींना तो फार महागात पडला.

आधी माझी फजिती

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही चौघं मुळशीच्या पलीकडे एका गावाजवळ, गावकऱ्यांना विचारून, झाडीत हॅमॉक बांधून राहिलो. सगळं नवंकोरं. टार्प हॅमॉकपेक्षा जेमतेम वीतभर लांब. रात्री साडेबाराला वारा फिरला आणि पाऊस आडवा यायला लागला. झाडाच्या बुंध्यावरून ओघळणारं पाणी पट्ट्यावर आलं, पट्ट्यावरून दोरीवर आणि दोरीवरून थेट माझ्या पाठीखाली. तीनच्या सुमाराला आमच्यातला एक जण इतका कुडकुडायला लागला की त्याला बोलताही येईना. शब्द अडखळत होते. तेव्हा मात्र भीती वाटली. शेवटी गावातल्या एका मावशींनी दार उघडलं, चुलीपाशी बसवलं, घोंगडी दिली. सकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "बाळांनो, पावसाचं कुठं निजावं ते आधी बघावं, मग काय बांधायचं ते."

आजचा सगळा एपिसोड म्हणजे या एका वाक्याचा इतिहास आहे.

छावणी म्हणजे काय?

पुण्यात आपण सहज म्हणतो, "चल, कॅम्पात जाऊन येऊ." हा कॅम्प म्हणजे लष्कराचा तळ. 1817 मध्ये खडकीची लढाई झाली, पेशवाई संपत आली आणि इंग्रजांच्या फौजेने पुण्यात मुक्काम टाकला. तंबूंच्या जागी बराकी आल्या, बंगले आले, बेकऱ्या आल्या, पण नाव राहिलं ते तळाचंच.

त्याआधीचा आपला शब्द छावणी. मूळ अर्थ आच्छादन, वर घातलेलं छप्पर. मराठ्यांच्या काळात फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायची आणि पाऊस लागायच्या आत परतायची. मग चार महिने एका जागी, शाकारलेल्या छपराखाली. त्याचं नाव छावणी. कारणं अगदी साधी होती. नद्या फुगतात, वाटा चिखलात जातात, दारू भिजते, जनावरांना वैरण मिळत नाही. शिवाय सुती तंबू भिजला की इतकं पाणी पितो की कोरड्या तंबूला पुरणारं जनावर ओल्या तंबूखाली बसकण मारतं.

या छावणीबद्दल शिवाजी महाराजांचं एक फार प्रसिद्ध पत्र आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूण भागातल्या छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, असं बजावणारं हे पत्र. पण त्यातला दुसरा भाग ट्रेकर्सनी वाचायला हवा. तिथे काळजी आहे आगीची. वैरण आत्ताच उधळली तर पावसात घोडी उपाशी मरतील. कुणी गवताजवळ चूल पेटवेल, कुणी दिवा तसाच ठेवून झोपेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी छावणी जळेल. इतक्या बारीक तपशिलात राजा विचार करतोय!

आता आपल्याकडे बघा. नायलॉनच्या टार्पखाली, वर हातभर अंतर सोडून, गॅसवर मॅगी. उंदराची गरजच नाही, आपणच पुरेसे आहोत. नायलॉन पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. स्वयंपाक टार्पच्या बाहेर किंवा अगदी उघड्या कडेला. हा पहिला नियम, आणि तो साडेतीनशे वर्षं जुना आहे.

एकच पट्टा, दोन प्रवास

पावसात लढत नाहीत, हा नियम 1660 मध्ये दोन ठिकाणी मोडला. इकडे पुण्याजवळ चाकणला शायिस्तेखानाने जूनमध्ये वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी ती छोटीशी गढी भर पावसात सुमारे 55 दिवस झुंजवली. तिकडे पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून होता. पाऊस आला की वेढा सैल होईल ही अपेक्षा त्याने खोटी ठरवली. सैन्यासाठी छपऱ्या उभारून तो तिथेच बसला, असं सांगितलं जातं. म्हणजे शत्रूनेही निवाऱ्याचा अभ्यास केला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 12 जुलैच्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निघाले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोचले. साठेक किलोमीटर, मुसळधार पाऊस, चिखल, काळोख, मागे शत्रू. बाजीप्रभू आणि त्यांचे सोबती खिंडीत पडले. ही किंमत विसरून त्या रात्रीला नुसतं 'भारी ट्रेक' म्हणणं मला पटत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: सोबत तंबू नव्हते, बाडबिस्तरा नव्हता. वाट माहीत असलेली माणसं होती आणि कुठे थांबायचं नाही हे पक्कं होतं.

आता 42 वर्षं पुढे या. 1702. औरंगजेबाने विशाळगड घेतलाय आणि जूनमध्ये त्याची प्रचंड फौज साधारण त्याच पट्ट्यातून उलट दिशेने, विशाळगडाकडून पन्हाळ्याकडे निघालीय. हत्ती, उंट, शामियाने, डेरे, बाजार, तोफा. तोच सह्याद्री, तोच पाऊस. किती दिवस लागले असतील? एक महिन्याहून जास्त! ओढ्यांना पूर, जनावरं चिखलात रुतून मेली, सामान वाटेतच राहिलं, अनेकांना डोक्यावर कापड नसताना दिवस काढावे लागले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत बादशहाकडे त्या काळातले सगळ्यात भारी तंबू होते. तेच त्याला नडले.

याच बादशहाची आणखी एक रात्र सांगतो. ऑक्टोबर 1700, माण नदीकाठचं खवासपूर. पावसाळा संपत आला म्हणून छावणी नदीकाठी आणि कोरड्या पात्रात पसरलेली. वरच्या भागात पाऊस झाला आणि रात्री अचानक लोंढा आला. कित्येक माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. गडबडीत खुद्द औरंगजेबाचा गुडघा दुखावला तो कायमचाच. तुमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी पूर येऊ शकतो, कारण पाऊस दुसरीकडे पडत असतो. ओढ्याच्या पात्रात, वाळूवर, 'काय मस्त सपाट जागा आहे' म्हणून कधीही मुक्काम टाकू नका.

पाल: आपला जुना टार्प

मग हलकं छप्पर कुणाकडे होतं? साध्या माणसांकडे. धनगरांकडे, बाजारबुणग्यांकडे. थॉमस ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1809 मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहून पत्रं लिहिली. त्यात छावणीतल्या बाजाराचं वर्णन आहे: दोन बाजूंना बेचक्याच्या काठ्या रोवलेल्या, त्यावर आडवा बांबू आणि त्यावर ताणलेलं घोंगडं किंवा जाडंभरडं कापड. याला तो नाव देतो पाल.

ऐकलंत? आडवं आढं, दोन्हीकडे उतरतं कापड, मेखा आणि तणावे. आज ऑनलाइन 'रिजलाइन टार्प' म्हणून जे विकतात ते हेच. फक्त बांबूच्या जागी दोरी आणि घोंगडीच्या जागी सिलिकॉन लावलेलं नायलॉन.

घोंगडीही कमी नव्हती. दख्खनी मेंढीची राठ लोकर, चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली. लोकरीचा धागा आत बरंच पाणी धरून ठेवतो आणि तरी अंगाला ऊब देत राहतो. म्हणून मावशींनी त्या रात्री ब्लँकेट नाही, घोंगडी दिली. आणि भातलावणीला कोकणात, मावळात पाठीवर घ्यायचं ते इरलं: बांबूच्या कामट्या आणि पानं, दोन्ही हात मोकळे. आज वारीत प्लॅस्टिकचं इरलं दिसतं, पण कल्पना तीच.

वारीचं निघालंच आहे तर, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजची लष्करी शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या दरबारी सेवेत होते. घोडे आणि तंबू आले ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. पालखी पुण्यातून पुढे जाते तेव्हा रोज संध्याकाळी जो तळ पडतो, राहुट्या उभ्या राहतात, तो मराठ्यांच्या छावणीचा आजही चालू असलेला वारसा आहे. मुक्कामाची शिस्त बघायची असेल तर एकदा तळावर जाऊन बघा.

आणि हॅमॉक?

हॅमॉक शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, 'हामाका'. कोलंबस 1492 मध्ये तिथे पोचला तेव्हा लोक झाडांना बांधलेल्या जाळीत झोपताना त्याने पाहिले. मग ती जहाजांवर गेली आणि दर्यावर्दी लोकांनी जगभर नेली.

पण टांगून निजणं आपल्याला नवीन नाही. शेतात आईने झाडाला बांधलेली लुगड्याची झोळी आठवा. आपल्यातल्या अनेकांचे आजी-आजोबा त्यात वाढले. आणि या झोळीची एक दुसरी बाजू आहे, जी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सह्याद्रीतल्या काही दुर्गम वाड्यांवर आजही रस्ता नाही. बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर चादरीची झोळी करून, बांबूला बांधून, चौघं जण पावसात घाट उतरतात. आपण हौस म्हणून ज्यात झोपतो, त्यात कुणाचा तरी जीव खांद्यावरून नेला जातो. म्हणून गावाजवळ मुक्काम करताना विचारून राहा, दोन पैसे तिथे खर्च करा आणि परत येताना कचरा सोबत आणा.

तर मग, घ्यायचं काय?

आता थेट उत्तर.

जागा आधी. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तासाभरावरच्या लोणावळ्यात 4000 च्या पुढे. त्यामुळे 'पुण्यात चाललं' याला घाटात काही अर्थ नाही. गडांचे माथे आणि सडे उघडे असतात, तिथे हॅमॉकला झाडंच नाहीत. शिवाय अनेक गडांवर मुक्कामाला बंदी आहे, आधी चौकशी करा. हॅमॉक पायथ्याच्या झाडीत, गावाच्या परवानगीने. देवराईत मुळीच नको. वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, हे मान वर करून बघा.

हॅमॉक. दहा-अकरा फूट लांब घ्या. आखूड असला की केळ्यासारखं वाकून झोपावं लागतं. लांब असला तर तिरकं झोपता येतं आणि पाठ सरळ राहते. झाडांत 12 ते 15 फूट अंतर. पट्टे किमान इंचभर रुंद, म्हणजे साल कापली जात नाही.

ताण. इथे थोडं गणित. दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांत उतरती असेल, तर 70 किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूला 70 किलोच ताण येतो. तीच दोरी ओढून 10 अंशांवर आणलीत तर प्रत्येक बाजूला सुमारे 200 किलो! म्हणून तारेसारखा ताणू नका, छान झोळ पडू द्या. उंची खुर्चीएवढी, जास्त नको.

टार्प. खरा पैसा इथे घाला. हॅमॉकपेक्षा दोन्ही बाजूंना निदान फूटभर लांब, आणि रुंदी नऊ-दहा फूट. बसण्यापुरतं छप्पर आणि रात्रभराचं छप्पर यात हाच फरक आहे. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, झोपण्याआधी तणावे पुन्हा ओढा. वारा आला तर वाऱ्याकडची बाजू जमिनीपर्यंत खाली. बजेट नसेल तर बाजारातली साधी ताडपत्री चालेल, जड असते इतकंच.

पागोळी. हॅमॉकच्या प्रत्येक पट्ट्याला, टार्पच्या आतल्या बाजूला, सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता सोडा. पट्ट्यावरून येणारं पाणी तिथून ठिबकून जातं. त्या रात्री ही पाच रुपयांची सुतळी असती तर माझी पाठ कोरडी राहिली असती.

पाठीची ऊब. हॅमॉकमध्ये खालून वारा लागतो आणि अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब देत नाही. कॅरीमॅट आत घाला. एक कोरडा कपड्यांचा जोड पिशवीत बंद, काहीही झालं तरी फक्त झोपताना घालायला.

आणि शेवटचं: परतीची वाट. जवळचं घर, देऊळ, शाळेचा व्हरांडा कुठे आहे हे उजेड असतानाच बघून ठेवा. कुणी कुडकुडत अडखळत बोलायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. टार्प तसाच सोडा आणि निघा.

औरंगजेबाला तंबू सोडवले नाहीत. आपल्याला दोन हजारांचा टार्प सोडता यायला हवा.

पुढच्या एपिसोडपर्यंत, कोरडे राहा. भेटूच!