पेठेचा संघ, पेठेचीच नोंद

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत चालतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा समोरासमोर येणार असले की त्या दिवशी दोन्हीकडच्या तालमींत दुसरा विषय निघत नाही. इथल्या फुटबॉलचा कारभार पाहणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची केएसए, १९४० साली स्थापन झाली. तिची वाटचाल स्पर्धा, चषक आणि पदाधिकारी यांच्या क्रमाने सांगता येईल. मला ती गॅलरीच्या बाजूने सांगायची आहे. आपल्या संघाची बातमी बाहेरचं कुणी सांगणार नाही हे ओळखून ज्यांनी ती स्वतःच सांगायला घेतली, त्या समर्थकांचा या वाटचालीत मोठा वाटा आहे.

आधी संघांची नावं पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. राजर्षी शाहूंनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, आणि पेठोपेठी तालमी भरल्या. त्याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ बांधले. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी असे संघ आले. संघाला मालक नाही, पेठ आहे. मैदानात धावणारा पोरगा दोन घरं सोडून राहतो, त्याच्या बुटांसाठी वर्गणी काढणारा गॅलरीत बसतो, आणि त्याने सोपी संधी घालवली तर रात्री कट्ट्यावर त्याची खरडपट्टी काढणाराही तोच असतो.

ही गोष्ट साधी वाटते, पण तिचं मोल महाराष्ट्रातल्या बाकीच्या क्लबांकडे पाहिलं की कळतं. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. २००७ साली सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. आज तो नाही. २००७ सालीच जन्मलेला मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला जाऊन खाली उतरला आणि संपला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गेला. यांतल्या प्रत्येक संघाला जीव लावणारी माणसं होती. मालकाचा निर्णय झाला, आणि त्यांच्या हातात गाणी, बॅनर आणि फोटो एवढंच उरलं. त्या क्लबांचं मैदानावरचं वातावरण कसं होतं हे उद्या कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर कंपनीच्या कागदांत ते सापडणार नाही. समर्थकांनी जपलेल्या त्या ऐवजातच ते सापडेल.

कोल्हापूरचा ऐवज तालमीच्या दारातल्या फळ्यापासून सुरू झाला. आजचा सामना, वेळ, कालचा निकाल, गोल करणाऱ्याचं अभिनंदन, आणि समोरच्या पेठेला झोंबेल अशी एखादी ओळ. फळ्यानंतर रंगवलेले बोर्ड आले, मग फ्लेक्स, मग केबलवरचं प्रक्षेपण, आणि आता खिशातला मोबाइल. इथल्या वर्तमानपत्रांनी या खेळाला नेहमीच जागा दिली, हे कृतज्ञतेनं सांगायला हवं. शहराच्या आवृत्तीत सामन्याचा सविस्तर वृत्तांत आणि फोटो येतो. पण किणीचा टोलनाका ओलांडला की ही बातमी थांबते. पुण्या-मुंबईत किंवा आखातात नोकरीला गेलेल्या पेठेतल्या माणसाला टायब्रेकरवर कोण जिंकलं हे मैदानातल्या मित्राच्या मोबाइलवरूनच कळतं. त्या थेट चित्रीकरणात चित्र हलतं, वाऱ्याने आवाज फाटतो. तरी समालोचन करणारा पोरगा खेळाडूला आडनावापेक्षा टोपणनावाने जास्त ओळखतो, त्याचा काका कुठल्या संघाकडून खेळायचा हेही त्याला ठाऊक असतं. मोठ्या वाहिनीच्या समालोचकाने कितीही तयारी केली तरी हे त्याच्या हाती लागणार नाही.

याच शहरातला अनिकेत जाधव ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होता. भारताचा पहिला सामना ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध झाला. त्या निमित्ताने कोल्हापूरचं नाव देशभर पोचलं. पण ज्या मैदानांवर अशी पोरं घडतात, तिथल्या रोजच्या सामन्यांकडे त्यानंतरही देशाचे कॅमेरे वळले नाहीत.

ते वळतात कुठे, याचं उदाहरण लखनौचं आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी तिथल्या के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल खेळले आणि ईस्ट बंगालने पेनल्टींवर बाजी मारली. मैदान लखनौचं असलं तरी बातमी कोलकात्याचीच होती, कारण शंभर वर्षांची पत्रकारिता या दोन क्लबांच्या पाठीशी आहे. त्याच उत्तर प्रदेशचा इंटर काशी मात्र आय-लीगमधले घरचे सामने पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत खेळत होता. वाराणसी-लखनौच्या चाहत्याला आपला संघ पडद्यावरच पाहावा लागला. अशा चाहत्यासाठी कल्याणीच्या गॅलरीतून कुणीतरी धाडलेला एखादा तुकडाही मोलाचा असतो.

चाहत्यांच्या लिखाणाने किती मजल मारता येते, हे लंडनच्या चार्ल्टन अ‍ॅथलेटिकने दाखवलं. १९८५ मध्ये क्लबने आपलं ‘द व्हॅली’ हे मैदान सोडलं आणि दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाड केलं. १९८८ मध्ये चाहत्यांनी ‘व्हॉइस ऑफ द व्हॅली’ नावाचं स्वतःचं मासिक काढलं आणि एकच मागणी लावून धरली, परत घरी चला. १९९० च्या स्थानिक निवडणुकीत त्यांनी व्हॅली पक्ष उभा केला आणि सुमारे पंधरा हजार मतं मिळवली. ५ डिसेंबर १९९२ रोजी संघ द व्हॅलीवर परतला. मोठ्या वर्तमानपत्रांच्या लेखी दुय्यम असलेला हा प्रश्न त्या मासिकाने अंकामागून अंक जागता ठेवला होता.

कोल्हापुरात या ताकदीची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. इथल्या ईर्षेनेच हा खेळ जिवंत ठेवला. पण हीच ईर्षा चिडवणाऱ्या व्हिडिओंतून आणि स्टेटसमधून उतू गेली की मैदानावर दगड पडतात, सामना थांबतो, पोलीस येतात. समोरच्या पेठेला डिवचणारी दहा सेकंदांची चित्रफीत सामन्याच्या वृत्तांतापेक्षा जास्त पाहिली जाते. केएसएने कितीही नियम केले तरी हे आवरणं समर्थकांच्याच हातात आहे. पेठेतल्या जाणत्या समर्थकांनी आपल्याच पोरांना तिथल्या तिथे रोखलं, तर त्याचा जितका परिणाम होईल तितका संघटनेच्या पत्रकाने होणार नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जुन्या काळाची. मोबाइलने अलीकडची वर्षं पकडली. त्याआधीची कितीतरी दशकं तालमींच्या भिंतींवरच्या फ्रेममध्ये आणि म्हाताऱ्या खेळाडूंच्या डोक्यात आहेत. फोटोत दोन रांगा उभ्या आहेत, पुढे चषक ठेवलेला आहे, आणि खाली नावं नाहीत. ती नावं सांगू शकणारी माणसं दर वर्षी कमी होतायत. हे काम अवघड नाही. जो मुलगा दर सामन्याला तास-दीड तास मोबाइल धरून उभा राहतो, त्याने एका दुपारी भिंतीवरची फ्रेम उतरवावी, फोटो नीट टिपून घ्यावा, आणि जुन्या खेळाडूला शेजारी बसवून डावीकडून उजवीकडे एकेक नाव, जागा आणि वर्ष लिहून घ्यावं. सगळ्या तालमींनी हे केलं आणि एक प्रत केएसएकडे ठेवली, तर संस्थेच्या शताब्दीला, १९४० पासून मोजलं तर २०४० साली, पेठांचा इतिहास पेठांच्याच हस्ताक्षरात तयार असेल. पुढचा हंगाम सुरू होण्याआधीचे पावसाळ्याचे महिने या कामाला पुरेसे आहेत.