मास्कमागचं लेकरू : लिव्हर बदलल्यावरची लढाई

मागच्या महिन्यात परभणीहून तपोवन एक्स्प्रेसने मुंबईला परत येत होतो. समोर आई-बाप आणि तीनेक वर्षांचं लेकरू, तोंडाला मास्क. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "कोरोना गेला की आता! कशाला कोंडता लेकराला?" आई हळूच म्हणाली, "लिव्हर बदललंय त्याचं. बापाचं दिलंय." सगळे गप्प. मी रूमवर पोचल्यावर वाचत बसलो.

१ मार्च १९६३. अमेरिकेत डेन्व्हरला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, तेही तीन वर्षांच्या मुलावर. रक्तस्राव थांबेना, तो टेबलावरच गेला. १९६७ मध्ये एक चिमुकली वर्षभराहून जास्त जगली. पुढं सायक्लोस्पोरिन आलं, १९८३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि लेकरं जगायला लागली.

पण आम्ही कोडवाले एक बग काढताना दुसरा घुसवतो ना, तसंच झालं. शरीर नवं लिव्हर परकं समजून हल्ला करतं. औषध तो हल्ला रोखतं, पण विषाणूंशी लढायची ताकदही कमी करतं. एपस्टाईन-बार नावाचा विषाणू बहुतेक मोठ्यांच्या शरीरात गुपचूप झोपलेला असतो. तान्ह्या लेकराची त्याच्याशी अनेकदा ओळखच नसते आणि दात्याच्या लिव्हरसोबतच तो आत येऊ शकतो. मग काही लेकरांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढून गाठी होतात. कधी थेट कॅन्सर.

१९८४ मध्ये स्टार्झल यांच्या गटानं दाखवलं, की औषध कमी केलं तर अशा गाठी विरू शकतात. फार कमी केलं, तर शरीर लिव्हरच नाकारतं. म्हणून आज डॉक्टर पीसीआरने रक्तातला विषाणू मोजत डोस ठरवतात. हे काम त्यांचंच, घरी मनानं डोस बदलायचा नाही.

भारतात १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलोत लहान मुलावरचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं. तिथंही दाता बापच. तो मुलगा पुढं स्वतः डॉक्टर झाला!

आता आपलं काम. गोवरची लस जिवंत विषाणूची असते, म्हणून ही औषधं चालू असताना ती सहसा देत नाहीत. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवर पसरला, तेव्हा अशा लेकरांना मोठा आधार होता: आजूबाजूच्यांनी घेतलेली लस.

तर मंडळी, घरातल्या पोरांची लस चुकली असेल तर आधी ती द्या. आणि डब्यात मास्कवालं लेकरू दिसलं, तर खोकताना तोंडावर रुमाल धरा. भेटू पुढच्या भागात!