दहा युरोची स्टिक आणि शेजारणीचा पासवर्ड



गेल्या भागानंतर लाइपझिगहून एका विद्यार्थिनीचा निरोप आला. "काका, जुन्या लॅपटॉपचं वायफाय बंद पडलंय. यूएसबीची स्वस्त स्टिक घेतली तर चालेल का? कोणती घेऊ? आणि शेजारी पासवर्ड द्यायला तयार आहेत, तो घेतला तर काही लफडं होणार नाही ना?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पाच मिनिटांत देता येतील. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जर्मनीला सात वर्षं लागली. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

आधी शब्द. इथे दुकानात जाऊन 'वायफाय डोंगल' मागितलंत, तर विक्रेता क्षणभर विचारात पडेल. इथला शब्द आहे 'वेलान-स्टिक'. १९९९ साली ८०२.११बी हे मानक आलं तेव्हा बिनतारी जाळ्याचा वेग होता सेकंदाला ११ मेगाबिट. त्या काळच्या यूएसबी १.१ चा वेग १२ मेगाबिट. जोडी जमली. संगणकाचं खोकं उघडून आत कार्ड बसवण्याऐवजी बोटाएवढी वस्तू बाहेरून खोचली की काम झालं. २००३ मध्ये वायफाय ५४ मेगाबिटवर गेलं आणि जुना पोर्ट अपुरा पडला. मग यूएसबी २.० ची गरज लागली. स्टिक आणि पोर्ट यांचा मेळ बघायचा हा नियम तेव्हापासूनचा, आजही लागू आहे.

याच सुमारास बर्लिनमध्ये एक गंमत झाली होती. जर्मनीच्या एकीकरणानंतर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पूर्व भागात टेलिफोनसाठी फायबर टाकलं गेलं. तेव्हाची ती सर्वात आधुनिक तार. पण पुढे डीएसएल आलं, आणि डीएसएलला घरापर्यंत तांब्याची तार लागते. त्यामुळे फ्रीडरिशसहाइनसारख्या वस्त्यांमध्ये जमिनीखाली फायबर असूनही लोकांना वेगवान इंटरनेट मिळेना. मग काही मंडळींनी छपरांवर आणि चर्चच्या मनोऱ्यांवर अँटेना लावून एकमेकांची राउटरं बिनतारी जोडली. ज्याच्याकडे चांगली लाइन, तो इतरांना वाटा देणार. २००२ साली बर्लिनमध्ये लंडनच्या समविचारी लोकांबरोबर एक कार्यशाळा झाली आणि त्यातून 'फ्रायफुंक' ही चळवळ उभी राहिली. फुंक म्हणजे रेडिओ. आपल्यासारख्या समुदाय रेडिओवाल्यांना हे नाव जवळचं वाटावं असंच आहे.

पण दार उघडं ठेवलं की कोण आत येईल याचा नेम नसतो. त्या काळी वायफायला डब्ल्यूईपी नावाचं कुलूप असे. ते कच्चं आहे हे २००१ पासून माहीत होतं. २००७ मध्ये डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातल्या एरिक टेव्स, राल्फ-फिलिप वाइनमान आणि आंद्रेई पिश्किन यांनी ते एका मिनिटाच्या आत उघडता येतं हे दाखवून दिलं. म्हणून आजही सांगतो, राउटरवर किंवा स्टिकवर डब्ल्यूईपी हा पर्याय दिसला तरी त्याला हात लावू नका. डब्ल्यूपीए२ हवं, डब्ल्यूपीए३ असेल तर उत्तम.

आता खटल्याकडे येतो. २००६ साली एका माणसाच्या वेलानवरून एक गाणं इंटरनेटवर बेकायदा वाटलं गेलं. तो स्वतः त्या वेळी सुट्टीवर होता. तरी खटला कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयापर्यंत गेला. १२ मे २०१० रोजी निकाल लागला. त्या गाण्याच्या नावावरून हा निकाल 'आमच्या आयुष्यातला उन्हाळा' म्हणून ओळखला जातो. न्यायालयाने सांगितलं की नुकसानभरपाई द्यावी लागणार नाही. पण कारखान्यातून आलेली मूळ सेटिंग तशीच ठेवली, राउटर घेताना उपलब्ध असलेली सुरक्षा नीट वापरली नाही, म्हणून वकिलाच्या नोटिशीचा खर्च त्याच्यावर. या जबाबदारीला जर्मनमध्ये 'श्टोररहाफ्टुंग' म्हणतात. उल्लंघन तुम्ही केलेलं नाही, पण तुमच्यामुळे वाट मोकळी राहिली, म्हणून तुम्ही बांधील. अशा नोटिशीला म्हणतात 'आबमानुंग', आणि हा शब्द ऐकला की इथला साधा माणूस आजही दचकतो.

मी २०११ च्या नोव्हेंबरात पुण्याहून नेमका त्याच कार्ल्सरूहला आलो. इंटरनेटची जोडणी मिळायला चार आठवडे लागतील असं समजलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात पुण्यात वडिलांची बायपास ठरली. फोनवर आई "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणायची. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. मोडक्या जर्मनमध्ये त्यांना अडचण सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक कागद घेऊन वर आल्या. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की मी त्यांच्या जोडणीवरून काहीही बेकायदा उतरवणार नाही. खाली तारीख आणि सहीची जागा. सही केल्यावर पासवर्ड मिळाला. खरं सांगतो, मला राग आला होता. आमच्या पेठेत शेजारी किल्ली ठेवून गावाला जातात, आणि इथे वायफायसाठी करारनामा! तो निकाल मी पुढे कधीतरी वाचला तेव्हा कळलं, की माझ्यासाठी त्यांनी केवढी जोखीम पत्करली होती. कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. महिनाभरापूर्वी आलेल्या अनोळखी माणसाच्या सहीवर त्यांनी विश्वास टाकला होता.

तरी सिग्नल दुसऱ्या मजल्यावर येईना. बारा युरोची स्टिक आणली, सोबत दोन मीटरची यूएसबी वायर घेतली, स्टिक मागच्या अंगणाकडच्या खिडकीत ठेवली आणि तिच्यामागे भाज्या धुवायची स्टीलची चाळणी उभी केली. ही युक्ती माझी नव्हे. न्यूझीलंडच्या स्टॅन स्वॉन यांनी स्वयंपाकघरातल्या झाऱ्यांवर असे प्रयोग केले होते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर असते. चाळणीची भोकं त्यापेक्षा कितीतरी लहान, म्हणून लहरीला ती चाळणी आरशासारखी वाटते. दोन काड्यांवर का होईना, सिग्नल आला. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी वडील पडद्यावर दिसले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मागे चाळणी कशाला ठेवली आहेस?"

पुढची कथा थोडक्यात. फ्रायफुंकवाले आपली रहदारी स्वीडनसारख्या देशांतून फिरवून नोटिशींपासून बचाव करत राहिले. २०१५ मध्ये निर्वासित आले तेव्हा त्यांच्या अनेक निवाऱ्यांत याच स्वयंसेवकांनी इंटरनेट पोचवलं, म्हणजे माणसं घरच्यांशी बोलू शकली. १५ सप्टेंबर २०१६ रोजी युरोपीय न्यायालयाने टोबियास मॅकफॅडन या व्यावसायिकाच्या खटल्यात सांगितलं, की ग्राहकांना मोफत वायफाय देणारा दुकानदार त्यांच्या उल्लंघनाची भरपाई द्यायला बांधील नाही, मात्र त्याला पासवर्ड लावायला सांगता येईल. शेवटी जर्मन संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १३ ऑक्टोबर २०१७ पासून वायफाय वाटून घेणाऱ्यावरचं ते जुनं ओझं बऱ्याच अंशी उतरलं. स्वतः बेकायदा डाउनलोड करणाऱ्याला मात्र आबमानुंग आजही येते, हे नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावं.

आता लाइपझिगच्या ताई, तुमच्या स्टिकबद्दल.

एक, खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, आतली चिप कोणती ते शोधा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या चिप असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यावर बऱ्याच जणांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. तुम्हीही टाकलं असेल, तर जिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे अशी चिप घ्या. मीडियाटेकची एमटी ७६१२ यू हे एक उदाहरण.

दोन, ५ गिगाहर्ट्झवरही चालणारी घ्या. इथल्या इमारतींत २.४ वर फार गर्दी असते.

तीन, स्टिक अमेरिकेतून मागवू नका. तिथे ११ चॅनल वापरतात, युरोपात १३. राउटर बाराव्या किंवा तेराव्या चॅनलवर असेल, तर तिकडची स्टिक त्याला पाहूच शकणार नाही.

चार, स्टिकबरोबर ड्रायव्हरची सीडी येते आणि लॅपटॉपला सीडीचा खाचा नसतो. फोन वायरने लॅपटॉपला जोडा, त्याचं इंटरनेट तात्पुरतं वापरा आणि चिप बनवणाऱ्याच्या अधिकृत पानावरून ड्रायव्हर उतरवा.

पाच, स्टिक यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी खोचू नका, त्या पोर्टचा गोंगाट २.४ च्या सिग्नलवर पडतो. छोटी वायर लावून ती बाजूला, उंचावर ठेवा. वायर पाच मीटरच्या आतली असावी.

सहा, ऑनलाइन घेतलीत तर १४ दिवसांत परत करता येते. पहिल्याच दिवशी नीट तपासा.

आणि शेजाऱ्यांचा पासवर्ड खुशाल घ्या. फक्त त्यांना राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क सुरू करायला सांगा, म्हणजे त्यांचे प्रिंटर, त्यांच्या फाइली बाजूला राहतील. ते त्यांना जमत नसेल तर तुम्ही बसून लावून द्या, चहा तरी मिळेल.

माझ्या तळमजल्याच्या बाई आता त्या घरात राहत नाहीत. तो सही केलेला कागद घर सोडताना त्यांनी मला परत दिला. माझ्या कागदपत्रांच्या फायलीत तो अजून आहे. गेल्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावर नाशिकचा एक मुलगा राहायला आला. त्याला पाहुण्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड दिला, आणि तो कागदही वाचायला दिला.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.