प्रारंभिक पोकेमॉन

प्रारंभिक पोकेमॉन (प्रचलित नाव: स्टार्टर पोकेमॉन) म्हणजे पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेत खेळाच्या आरंभी खेळाडूला मिळणारा पहिला पोकेमॉन होय. मुख्य मालिकेतील बहुतेक खेळांत गवत, अग्नी आणि जल या प्रकारांच्या तीन पोकेमॉनपैकी एकाची निवड करावी लागते.

निवडीचे स्वरूप

मालिकेतील पहिले खेळ, पोकेमॉन रेड व ग्रीन, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉय या यंत्रासाठी प्रकाशित झाले. त्यांत प्राध्यापक ओक हे खेळाडूपुढे बल्बसॉर (गवत), चारमँडर (अग्नी) आणि स्क्वर्टल (जल) हे तीन पोकेमॉन ठेवतात. अग्नी गवतावर, गवत जलावर आणि जल अग्नीवर प्रभावी ठरते. खेळाडूचा प्रतिस्पर्धी त्याच्यानंतर निवड करतो व नेमका वरचढ प्रकाराचा पोकेमॉन घेतो.

या निवडीवर खेळाची काठिण्यपातळीही अवलंबून असते. पहिला जिमप्रमुख ब्रॉक याचे पोकेमॉन खडक व भूमी प्रकारांचे, तर दुसरी जिमप्रमुख मिस्टी हिचे जल प्रकाराचे असतात. त्यामुळे बल्बसॉर घेणाऱ्यास सुरुवात सोपी, तर चारमँडर घेणाऱ्यास अवघड जाते.

न निवडलेले दोन पोकेमॉन त्या खेळात पुन्हा मिळत नाहीत. पोकेडेक्स ही नोंदवही पूर्ण करायची असल्यास केबलने दोन गेम बॉय जोडून दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करावी लागते. अशा प्रकारे पहिली निवड एकट्याची असली, तरी संग्रह एकट्याने पूर्ण होत नाही.

जपानी नावे

चारमँडरचे जपानी नाव 'हितोकागे' असून त्यात 'हि' (अग्नी) आणि 'तोकागे' (सरडा) हे शब्द आहेत. स्क्वर्टलचे 'झेनिगामे' हे नाव जपानीत कासवाच्या लहान पिलासाठी वापरले जाते.

अपवाद आणि वैशिष्ट्ये

* पोकेमॉन यलो (१९९८) मध्ये निवड नसते. टेबलावरील ईव्ही प्रतिस्पर्धी हिसकावून घेतो व खेळाडूला पिकाचू मिळतो. हा पिकाचू खेळाडूच्या मागे चालतो आणि उत्क्रांत होण्यास नकार देतो. मात्र या खेळात बल्बसॉर, चारमँडर व स्क्वर्टल हे तिघेही पुढे भेट म्हणून मिळतात.
* दुसऱ्या पिढीपासून (१९९९) पोकेमॉनना लिंग देण्यात आले. या त्रिकुटांतील पोकेमॉन नर असण्याची शक्यता ८७.५ टक्के असते.
* नव्या प्रदेशाची क्रमवारी सहसा गवत प्रकाराच्या प्रारंभिक पोकेमॉनपासून सुरू होते. पोकेमॉन ब्लॅक व व्हाइट (२०१०) मध्ये मात्र व्हिक्टिनी (क्रमांक ४९४) हा स्नायव्हीच्या (४९५) आधी येतो.
* पोकेमॉन गो (२०१६) मध्ये समोरच्या तिघांना न पकडता वारंवार पुढे चालत गेल्यास पिकाचू प्रकट होतो.
* पोकेमॉन लेजेंड्स: आर्सियस (२०२२) मधील रौलेट, सिंडाक्विल व ओशावॉट हे तीन वेगवेगळ्या पिढ्यांतून घेतलेले आहेत.