धाव आणि पळ

चेंडू टोलवला की दोन्ही टोकांचे फलंदाज एकमेकांवर ओरडतात ते "पळ, पळ!" असे. "धाव!" म्हणून ओरडलेला गडी मी आजवर ऐकलेला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मात्र त्याच गड्याने 'धावा काढल्या' असे छापून येते. धावफलक, धावसंख्या, धावबाद ही सगळी धावेची लेकरे. पळाला एक आणि नोंद झाली दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार आहे.

कोशात दोन्ही शब्द समानार्थी म्हणून शेजारी बसवलेले असतात. त्यांना तिथून उठवून वाक्यात घालून पाहावे. 'तो धावत आला' आणि 'तो पळत आला' यांत फारसा फरक नाही. दोन्हींत नुसती चाल सांगितली आहे. आता 'त'च्या जागी 'ऊन' घाला. 'तो धावून आला' म्हणजे कुणाच्या तरी मदतीला आला. 'तो पळून आला' म्हणजे घरातून, वसतिगृहातून, नाहीतर तुरुंगातून निसटला. जाण्याचेही तसेच. संकटात शेजारी धावून जातो, भांडणात भाऊ अंगावर धावून जातो. एकात माया आहे, दुसऱ्यात राग, पण दोघांचे तोंड समोरच्याकडे आहे. पळून जाणाऱ्याची मात्र पाठच दिसते.

हा फरक शब्दांच्या जन्मातच आहे. 'पळणे'चे मूळ संस्कृतातल्या पलायनात, आणि पलायन म्हणजे 'परा' अधिक 'अय्', दूर जाणे. या जोडीत 'परा'तल्या 'र'चा 'ल' होतो, आणि तेवढ्यासाठी पाणिनीने वेगळे सूत्र केले आहे. त्या 'ल'चा आपण 'ळ' केला, पण 'दूर' काही सुटले नाही.

'धाव्' या धातूची गंमत निराळी. धातुपाठात त्याला दोन अर्थ दिले आहेत, गती आणि शुद्धी. म्हणून दंतधावन म्हणजे दात घासणे. दात कुठे धावायला जात नाहीत. आपले 'धुणे'ही याच शुद्धीच्या घरातले. जुन्या छपाईत हा शब्द 'धांव' असा अनुस्वार देऊन लिहिलेला आढळतो. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्यात हाही गेला. कोकणीत मात्र 'धांवप' अजून नाकातून ऐकू येते. गोव्यात नव्याने गेलेल्या घाटावरच्या माणसाने आणखी एका शब्दाला जपावे. तिथे कुणी "पळय" म्हणाले तर पळू नये. तो 'बघ' म्हणतो आहे.

नाम म्हणून पाहिले तर मला हे दोन शब्द आणखीच लांबचे वाटतात. 'पळ काढणे' एवढा एक वाक्प्रचार सोडला तर 'पळ' नाम म्हणून सहसा कुठे भेटत नाही. ('पळभर थांब'मधला पळ वेगळा. तो कालमापनातला, चोवीस सेकंदांचा. साठ पळे म्हणजे एक घटका.) 'धाव' मात्र शेतीत पक्की रुजलेली आहे. मोटेच्या विहिरीपाशी बैल ज्या उतारावरून खाली जातात त्या वाटेला धाव म्हणतात. बैल त्या धावेवरून धावत नाहीत, नाडा ओढत मान खाली घालून चालतात. मोट थारोळ्यात रिकामी झाली की पुन्हा वर येतात. आणि ही धाव किती लांब असायची? पाणी जितके खोल, साधारण तितकी, कारण मोट वर यायला बैलांना तेवढेच खाली जावे लागते. म्हणजे धावेला माप आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, फलंदाजाची समोरच्या रेघेपर्यंत. पळाला असे शेवटचे टोक नसते. पळणाऱ्याला कुठून निघायचे ते ठाऊक असते, कुठे पोहोचायचे ते पुढचे पुढे.

बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी हीसुद्धा धावच. लोहार ती तापवून फुगवतो, लाकडी चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो, की आवळून बसते. या वाटोळ्या धावेला टोक कुठले? इथे माझा सिद्धांत थोडा खडखडतो, हे कबूल करतो.

धावून जाण्यासाठी मराठीत शब्द मोजकेच आहेत. पळून जायचे म्हटले की भाषेला बहर येतो. धूम ठोकणे आहे, ढुंगणाला पाय लावून पळणे आहे, सभ्य माणसांसाठी काढता पाय घेणे आहे. पोबारा करणे हे सोंगट्यांच्या पटावरून आले. पौ म्हणजे एक, पौ आणि बारा हे भाग्याचे दान. ते पडले की सोंगटी सुटली. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचे कापड. आता तो न चालणारी दुकाने गुंडाळतात आणि घोडा कुणाच्या ध्यानीमनीही नसतो.

घोडा राहिला आहे तो 'दौड'मध्ये. १६७४ साली नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले. त्यांच्यावरच्या कवितेत कुसुमाग्रजांनी क्रियापद वापरले ते दौडण्याचे. 'धावले' म्हटले असते तर घोडे गेले असते आणि 'पळाले' म्हटले असते तर लाजच गेली असती.

तरी बोलण्यात पळण्याची सरशी होते आहे, निदान देशावर. आई पोराला साखर आणायला "पळत जा, पळत ये" म्हणूनच पाठवते. त्यात भीती नाही की पलायन नाही. पोलीस भरतीच्या जाहिरातीत '१६०० मीटर धावणे' असे छापलेले असते. तयारी करणारी पोरे मात्र पहाटे अंधारात उठून 'पळायला' जातात. परवा सकाळी रस्त्याच्या कडेला अशीच दोन पोरे कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होती. त्यांच्याकडे कोणते क्रियापद निघते म्हणून मी कान देऊन थांबलो.

"सोळाशे किती आली रे?"

"पाच वीस."