मारिओचा दत्तक वारस

चित्रपट असो की कादंबरी, पहिल्या भागाची सर दुसऱ्याला येत नाही, असं आपण सर्रास म्हणतो. व्हिडिओ गेमच्या इतिहासात एका खेळाचे तर दोन ‘दुसरे भाग’ निघाले, एक औरस आणि एक दत्तक.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सप्टेंबर १९८५ मध्ये आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची ही रचना. मिशीवाला मारिओ धावतो, उड्या मारतो, राजकन्येला सोडवतो, गोष्ट एवढीच. (नव्वदच्या दशकात आपल्याकडेही टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर अनेकांनी तो खेळला असेल.) खरी कमाल होती ती शिकवण्यात. सुरुवातीलाच एक शत्रू चालून येतो. उडी मारली नाही, तर एक जीव गेलाच! पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला डोकं आपटलं की अळंबी बाहेर पडते, पाइपावर आदळून आपल्याकडेच वळते. चुकवायला जावं तर वर ठोकळ्यांचं छत. बहुधा ती अंगावर येतेच, आणि मारिओ मोठा होतो. अळंबी म्हणजे शक्ती, हे कुणी न सांगता कळतं.

जून १९८६ मध्ये जपानात दुसरा भाग आला. रूप तेच, पण यात विषारी अळंबी होती! पहिल्या खेळाने शिकवलेलंच जिवावर बेतू लागलं. पुढे नेणाऱ्या चोरवाटांपैकी काही चक्क मागे नेऊन सोडत. खेळात मुरलेल्यांसाठीच हा बेत होता.

अमेरिकेतल्या निन्टेन्डोत खेळ तपासणाऱ्या हॉवर्ड फिलिप्स यांना यात मजाच येईना. तिथे तो नाकारला गेला. मग १९८७ मध्ये फुजी टेलिव्हिजनच्या महोत्सवानिमित्त निघालेला ‘दोकी दोकी पॅनिक’ हा वेगळाच खेळ घेतला. त्यातल्या अरबी वेशातल्या चौघांना काढून मारिओ, भाऊ लुइजी, राजकन्या आणि टोड यांना बसवलं, आणि १९८८ मध्ये तोच दुसरा भाग म्हणून विकला. इथे जमिनीतली भाजी उपटून शत्रूवर फेकायची! राजकन्या आता सुटकेची वाट पाहत बसत नाही, स्वतः लढते. तिची उडी क्षणभर हवेत तरंगते, त्यामुळे नवख्यालाही खड्डे पार करता येतात.

मला हा दत्तकच उजवा वाटतो. औरसाने रूप राखलं, पण नवख्याचा हात सोडला. १९९२ मध्ये जपाननेही दत्तकाला ‘सुपर मारिओ यूएसए’ या नावाने घरात घेतलं. औरस अमेरिकेत पोचला तो पुढच्या वर्षी, एका संग्रहातून, ‘द लॉस्ट लेव्हल्स’ म्हणून.